हौसामावशीची जबानी

हौसामावशीचा उजवा हात मोडला त्या दुपारी मी सांगलीला कॉलेजच्या वर्गात बसले होते, आणि पुढं कोर्टात माझ्या उपयोगी पडली ती हीच गोष्ट. मी तिथं नव्हते. मी काही पाहिलं नव्हतं. म्हणून तर साक्षीच्या दिवशी मला तिच्या शेजारी उभं राहता आलं.

मावशी आईची धाकटी बहीण. मेढ्याच्या वर डोंगरात दहा-बारा घरांची एक वस्ती आहे, ते दोघींचं माहेर. मावशी जन्मतःच बहिरी, म्हणून मुकी. गुरं राखता राखता दोघी बहिणींनी हातांची, खांद्यांची, भुवयांची एक बोली तयार केली. आई लग्न होऊन आष्ट्याजवळच्या आमच्या गावी आली आणि आजोबा वारल्यावर मावशी ती बोली घेऊन आमच्याकडं राहायला आली. मी नंतर जन्मले. आई सांगायची की मी आधी हातांनी बोलायला शिकले आणि मग तोंडानं. मीठ म्हणजे चिमूट करून जिभेला लावायची. ताप म्हणजे कपाळावर उलटा हात. माणसांना नावं नव्हती, प्रत्येकाची एक लकब होती. आई म्हणजे मानेवरच्या अंबाड्याला हात. आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, त्यांची खूण सलाम. मी म्हणजे दोन वेण्यांना हिसका. वेण्या घालायचं मी केव्हाच सोडलं, नोकरी झाली, साताऱ्याला घर झालं, केस पांढरे झाले, तरी मावशी शेवटपर्यंत हवेतल्या दोन वेण्या ओढूनच मला बोलवायची.

लोकांना वाटायचं, मुकं माणूस असलेलं घर शांत असेल. आमच्या घरासारखा दणदणाट गावात दुसऱ्या घरात नव्हता. मावशीला हाक मारायची म्हणजे सारवलेल्या जमिनीवर जोरात पाय आपटायचा. तो हादरा तिच्या तळपायाला कळायचा. सकाळपासून घरात धप्‌धप्‌ चालू असायची. भांडी ती आपटायची, कारण तो आवाज तिच्यापर्यंत पोचतच नव्हता. म्हैस तिच्याशिवाय कुणाला पान्हवत नसे. स्वयंपाकात आईचा हात चांगला, पण थंडीच्या दिवसांत मावशी कुळथाचं माडगं करायची, वर लसणाची फोडणी, शेजारी नाचणीची भाकरी, आणि सगळे तिच्या चुलीपाशी सरकून बसायचे. आमच्या ऊसवाल्या गावात नाचणी कोण खातो? ती खास मेढ्याहून यायची, आणि आबा म्हणायचे, ‘‘पलटनीत सोळा वर्सं राशन खाल्लं, पर ह्या बाईच्या माडग्याची सर कशाला न्हाई.’’

मावशीच्या गळ्यात एक बोरमाळ असायची. सोन्याच्या पत्र्याचे, आत लाख भरलेले बोराएवढे मणी. हिचं लग्न काही होत नाही असं दिसल्यावर आजीनं मरताना ती स्वतःच्या गळ्यातून काढून हिच्या गळ्यात घातली होती. मावशी ती कधी उतरवत नसे.

उसाच्या तोडी चालू होत्या. मावशी दुपारची म्हशीसाठी वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा घेऊन पाणंदीनं घरी येत होती. दोन्ही हात वर, भाऱ्याला धरलेले. मागून कुणी आलं तर तिला कळणार कसं? एका झटक्यात भारा खाली पडला आणि तिला कुणीतरी उसात ओढली. टॉवेलनं डोळ्यांपर्यंत तोंड बांधलेला माणूस. त्यानं बोरमाळेला हात घातला. मावशीनं ती मुठीत आवळून धरली. ती सोडत नाही म्हटल्यावर त्यानं तिचं मनगट पिरगाळलं, हाड मोडेपर्यंत. मावशी ओरडली. मुक्या माणसाला आवाज नसतो असं लोक समजतात, पण मावशीचा आवाज चांगला मोठा होता. पलीकडच्या फडात तोडणाऱ्या माणसांनी तो ऐकलाही. त्यांना वाटलं, मुकी म्हशीवर खेकसतीय. ते तोडत राहिले.

आई सांगायची की मावशी घरी आली तेव्हा तिनं मोडलेला हात दाखवला नाही, रिकामा गळा दाखवला नाही. आधी माणूस सांगितला. डावा खांदा उचलून कानाला घासला आणि खालचा ओठ पुढं काढून वर पापण्यांवर फुंकर मारली. गिरणीवाला संपत.

गावात पिठाची गिरणी एकच, ती संपतच्या मामाची, चालवायचा संपत. दिवसभर पीठ उडायचं, कानात जायचं, पापण्यांवर बसायचं, आणि दोन्ही हात डब्यात गुंतलेले. म्हणून खांद्यानं कान घासायचा आणि फुंकरीनं डोळे साफ करायचे ही त्याची सवय. गिरणी बंद असली तरी ती सुटायची नाही. मावशीनं त्याचं बारसं त्या सवयीवरून फार पूर्वी केलेलं होतं.

आबा दोघींना घेऊन पोलिसांत गेले. लढाईत आबांच्या पायाला गोळी लागली होती, ते लंगडत चालायचे, पण त्या दिवशी पुढं तेच होते, असं आई म्हणायची. तिथल्या हवालदारांनी कागद पुढं ओढला, मावशीकडं बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

‘‘जबाब कुनाचा घ्यायचा? हिचा? ही काय सांगनार?’’

‘‘ती सांगंल. मी तुमास्नी सांगती,’’ आई म्हणाली.

‘‘आवं बाई, अशानं केस हुती व्हय?’’

आबा म्हणाले, ‘‘हवालदारसाहेब, रिपोर्ट लिवून घ्या. माजी पेन्शन चालू हाय, मला घाई न्हाई. लिवला न्हाई तर मी हितं बसनार.’’ आणि बसले. दोन तासांनी आईची फिर्याद लिहून झाली. झडतीत बोरमाळ गिरणीतच सापडली, पट्ट्याखालच्या खड्ड्यात, तेलकट चिंधीत. गावातल्या दोघांना पंच म्हणून बोलावून पंचनामा झाला, संपतला अटक झाली. आम्हाला वाटलं, झालं.

थोड्याच दिवसांत संपत जामिनावर सुटून आला आणि गिरणी पुन्हा सुरू झाली. त्या इंजिनाचा पुक्‌-पुक्‌ आवाज अर्ध्या गावाला ऐकू जायचा. आई त्या गिरणीची पायरी चढायला तयार नव्हती. तिनं माळ्यावरचं जातं खाली काढलं. मी सुट्टीला घरी गेले की पहाटे जात्याची घरघर आणि दिवसा गिरणीची पुक्‌-पुक्‌, अशी दोन्हींची जणू शर्यत चाललेली असायची. जात्यावरचं पीठ जरा भरड, भाकरी थापताना कडा फाटायच्या, पण आबा चवीनं खायचे आणि मुद्दाम दारात बसून खायचे.

मावशीचं प्लास्टर सुटलं तेव्हा कळलं, मनगट अर्धंच वळतंय. दुसऱ्या कुणाचं असतं तर कामापुरतं अडलं असतं. मावशीचं बोलणं अडलं. काल आणि उद्या यांतला फरक मनगट कुठल्या बाजूला फिरवायचं एवढाच होता. तिला तो करता येईना. ती बोलताना मध्येच थांबायची, हाताकडं बघायची, पुन्हा सुरुवात करायची. तोतऱ्या माणसासारखं. मला तिच्याकडं बघवायचं नाही. पण ती रडत बसणारी नव्हती. जातं डाव्या हातानं ओढायला लागली, आणि आई समोर बसली की एकेक शब्द डाव्या हातात घालायला लागली. वर्षभरात तिनं आपली सगळी बोली उजव्या हातातून डाव्यात आणली. मी पुढं शिक्षिका म्हणून तीस वर्षं मुलांना भाषा शिकवली, पण भाषेवर इतकी मेहनत घेतलेलं माणूस मला दुसरं भेटलं नाही.

नाना म्हणजे माझे थोरले चुलते. समंजस माणूस, पण भांडणाला भिणारा. ते आबांना म्हणायचे, ‘‘मुकीला कोर्टात हुबी करून गावाला तमाशा दावतोस व्हय रं? वकील हातवारं करंल, समदी हसतील.’’

‘‘हसू द्या की,’’ आबा म्हणायचे. ‘‘त्यानं हिलाच का धरली, ठावं हाय का नाना? मुकी हाय, सांगनार कुनाला, म्हनून. आता आमी बी गप बसलो तर त्याचं खरं झालं.’’

खटला सांगलीच्या सेशन्स कोर्टात उभा राहिला. आई स्वतःच साक्षीदार, त्यामुळं मावशीचं बोलणं सांगायला ती चालणार नव्हती. सरकारी वकिलांनी माझं नाव दिलं. मी एकोणीस वर्षांची होते. कोर्टाच्या आवारात काळे कोट, चपलांचा आवाज, शिपायाच्या लांब आरोळ्या. मी मावशीचा पदर धरूनच चालले. मावशी मात्र इकडंतिकडं बघत होती, जत्रेत आल्यासारखी.

पहिल्या दिवशी डॉक्टरांची साक्ष झाली आणि मग दोन्ही पंच आले. पहिल्यानं सांगितलं, ‘‘सही माजी हाय, पर चिंधीत काय हुतं त्ये मी बघितलं न्हाई.’’ दुसऱ्यानं तेच म्हटलं. दोघं फितूर झाले होते. दोघांच्या घरचं दळण त्या गिरणीत जात होतं आणि संपतच्या मामाचं गावात वजन होतं. सरकारी वकील बाहेर आले आणि आबांना म्हणाले, ‘‘आता सगळं तुमच्या मेव्हणीवर आहे. उद्या ती काय सांगते त्यावर.’’

आम्ही आवारातल्या चिंचेखाली भाकरी सोडली. झुणका, खर्डा, कांदा. आम्ही नुसती भाकरी चिवडत होतो, मावशी तेवढी नीट जेवत होती. नाना माझ्याजवळ सरकले.

‘‘शाले, एक काम कर. त्यो वकील इचारंल, तोंड दिसलं का म्हनून. तवा म्हन, झटापटीत टावेल सुटला आन्‌ तोंड दिसलं. हौसा हातानं काय बी सांगू दे. हितं तुझ्याबिगर कुनाला समजनार हाय?’’

‘‘पण नाना, टॉवेल सुटला नव्हता.’’

‘‘मानूस त्योच हाय का न्हाई? मग झालं. खऱ्यासाठीच एक शबुद इकडचा तिकडं करायचा.’’

आबा शेजारीच होते. त्यांनी सगळं ऐकलं. ते भाकरीचा तुकडा मोडत राहिले, बोलले काहीच नाहीत. नानांच्या बोलण्यापेक्षा आबांचं गप्प राहणं मला जड गेलं. मावशीला नानांचे ओठ हललेले दिसले होते. तिनं भुवया उडवून विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं, भाकरी गार झाली म्हणतात. तिचं-माझं बोलणं सुरू झाल्यापासून मी तिला सांगितलेलं ते पहिलं खोटं. तिनं माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं आणि पुन्हा जेवायला लागली.

दुसऱ्या दिवशी कोर्ट भरलं होतं. आईची साक्ष मागाहून व्हायची होती, म्हणून तिला आत बसता येत नव्हतं, ती चिंचेखाली थांबली होती. गावातून एक ट्रक भरून माणसं आली होती. निम्मी संपतच्या बाजूनं, निम्मी नुसती गंमत बघायला. न्यायाधीशसाहेब किडकिडीत, चष्म्याच्या वरून बघणारे. त्यांनी मुक्याबहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या एका गुरुजींना बोलावून घेतलं होतं. गुरुजींनी मावशीशी दहा मिनिटं हातांनी बोलून बघितलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, ‘‘साहेब, बाई हुशार आहेत. पण त्यांच्या खुणा आमच्या शाळेतल्या नाहीत, त्यांच्या घरच्या आहेत. मला निम्म्यासुद्धा कळल्या नाहीत.’’

आरोपीचे वकील उठले. भारदस्त आवाजाचे, गोरेपान गृहस्थ. ‘‘मग माझी हरकत आहे. ही मुलगी साक्षीदाराची भाची. मावशीनं हात हलवायचे आणि भाचीनं घरून पाठ करून आलेलं म्हणायचं. याला साक्ष म्हणायचं का?’’

न्यायाधीशांनी थोडा विचार केला आणि मला म्हणाले, ‘‘बाई, तुम्ही बाहेर जा. शिपाई, दार लावून घ्या आणि यांच्याजवळ थांबा.’’

मी व्हरांड्यात उभी राहिले. शिपाई माझ्याकडं पाठ करून दाराला टेकला. आतून काही ऐकू येत नव्हतं. नंतर आबांनी सांगितलं की साहेबांनी बोट ओठांवर ठेवून सगळ्यांना गप्प बसायला लावलं होतं. पाचेक मिनिटांनी मला आत बोलावलं.

‘‘तुम्ही बाहेर असताना इथं काय काय झालं, ते साक्षीदाराला विचारा. त्या सांगतील तसं सांगा.’’

मी मावशीला विचारलं. तिचे डोळे चमकले. तिनं डावा हात उचलला आणि मी एकेक सांगत गेले. ‘‘साहेबांनी चष्मा काढला. डगल्याच्या बाहीला पुसला. डब्यात नाही ठेवला, पुस्तकावर ठेवला. शाईच्या दौतीचं झाकण काढलं आणि उलटं ठेवलं. टायपिंगच्या मशीनवाल्या माणसाला उभं केलं, मग खाली बसवलं. साहेब पाणी प्याले, निम्मं. मग हात असा...’’ मी थांबले.

‘‘काय झालं? सांगा.’’

‘‘साहेब, ती म्हणते... सगळे तुमच्याकडं बघत होते तेव्हा या वकीलसाहेबांनी टेबलाखाली डबी उघडून तपकीर ओढली. आणि शिंक आली ती रुमालात दाबली.’’

अख्खं कोर्ट हसलं. शिपाई ‘शांत राहा, शांत राहा’ म्हणून ओरडला, पण तोही हसत होता. वकीलसाहेबांच्या कोटाच्या कॉलरवर तपकिरीची पिंगट भुकटी दिसत होती. न्यायाधीशांनी ती चष्म्यावरून बघितली आणि शांतपणे म्हणाले, ‘‘शेवटची बाब या न्यायालयाच्याही नजरेतून सुटली होती. हरकत फेटाळली.’’

मग शपथा झाल्या. माझी वेगळी होती: साक्षीदार जे सांगेल तेच सांगेन, पदरचं काही घालणार नाही, काही गाळणार नाही. मी ती म्हटली आणि माझ्या कानांत नानांचा आवाज वाजत राहिला. मावशीला शपथ समजावून सांगितली तेव्हा तिनं डोळे मिटून डोंगराच्या देवाला हात जोडले आणि दोन बोटांनी गळ्याची कातडी चिमटीत धरली. न्यायाधीश म्हणाले, ‘‘ही खूण मला कळते. लिहा, शपथ घेतली.’’

सरकारी वकिलांनी विचारलं तसं मावशीनं सगळं सांगितलं. भारा, पाणंद, ऊस, मूठ, मनगट. ते मनगट तिनं साहेबांना वळवून दाखवलं, वळत होतं तेवढं. आरोपी कुठं आहे विचारल्यावर तिनं थेट पिंजऱ्याकडं बोट केलं. संपतनं मान खाली घातली. मग उलटतपासाला ते भारदस्त वकील उठले, आणि पहिलाच प्रश्न तो आला.

‘‘त्या माणसाचं तोंड झाकलेलं होतं ना?’’

मावशीनं बोटांनी नाकावरून आडवी रेघ ओढली. होय. इथपर्यंत. डोळे तेवढे उघडे.

मी बोलायला तोंड उघडलं आणि थांबले. किती वेळ थांबले ते मला आजही सांगता येणार नाही. मशीनवाल्याची बोटं अधांतरी राहिली होती. मागच्या बाकावरून नाना मान हलवत होते, म्हण, म्हण. टॉवेल सुटला. दोनच शब्द. आई बाहेर होती, आबांना खुणा कामापुरत्याच यायच्या. त्या खोलीत खरं कळणारी माणसं दोन होती, एक मी आणि एक ती, आणि तिला मी काय बोलले ते ऐकू येणार नव्हतं. पण मावशी माझ्या तोंडाकडं बघत होती. माझ्या जन्मापासून ती माझं तोंड वाचत आली होती. चिंचेखाली मी तिला भाकरीची थाप मारली तेव्हाही तिनं ते वाचलं असणार. आणि मला एकदम वाटलं, हिनं वर्षभर जात्यापाशी बसून एकेक शब्द डाव्या हातात आणला तो मी इथं बदलायचा? मग संपतनं हिचं मनगट मोडलं आणि मी हिचं बोलणंच मोडलं, यात फरक काय?

‘‘हो,’’ मी म्हणाले. ‘‘तोंड झाकलं होतं. डोळ्यांपर्यंत. डोळे तेवढे उघडे होते.’’

नानांनी कपाळावर हात मारलेला मला दिसला. वकीलसाहेब प्रसन्न झाले. त्यांनी तिथंच बसायला हवं होतं. पुढं ओळखीच्या एका वकिलांना मी हे सांगितलं तेव्हा तेही तसंच म्हणाले. पण तपकिरीचा राग मनात असावा. ते वळून सगळ्यांकडं बघत म्हणाले, ‘‘तोंड पाहिलं नाही! मग ओळखलं कसं म्हणे?’’

मावशीला प्रश्नच नीट कळेना. मी दोनदा विचारला. मग तिचा हात सुरू झाला आणि मला तिच्या मागं धावावं लागलं. ‘‘ती म्हणते, तुम्ही पाठमोरे असलात तरी आवाजावरून माणूस ओळखता. मला आवाज कळत नाही. मी माणसाची चाल बघते, हात बघते, सवयी बघते. तोंड तर सगळ्यांनाच असतं. हा माझा हात पिरगाळत होता तेव्हा याच्या नखांच्या कडेला पीठ होतं. आणि यानं टॉवेलच्या आतून वर फुंकर मारली. टॉवेल हलला. आणि खांदा कानाला घासला.’’

‘‘आणि असं कोण करतो?’’ त्याच वकिलांनी विचारलं.

मावशीनं डावा खांदा उचलून कानाला घासला, ओठ पुढं काढून पापण्यांवर फुंकर मारली. मी उत्तर द्यायला तोंड उघडणार एवढ्यात वकिलांनी हात वर केला.

‘‘थांबा! ही खूण कुणाची ते पुन्हा तुम्हीच सांगणार! साहेब, हे दोघींनी घरात रचलेलं आहे. या बाईच्या खुणा या मुलीशिवाय जगात कुणालाही...’’

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. मागं गावची माणसं बसली होती ती हसत सुटली. संपतच्या बाजूनं आलेलीसुद्धा. आणि बायकांच्या बाकावरून एक म्हातारी चांगली मोठ्यानं म्हणाली, ‘‘आगं बया, हुबेहूब संपत की गं!’’

शिपाई ओरडला. न्यायाधीशांनी हात वर केला तसं सगळे गप्प झाले. मी पिंजऱ्याकडं बघितलं. संपतचा डावा खांदा अर्धा वर गेला होता आणि तिथंच अडकला होता. हे मी मागाहून मनात जोडलं असेल असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही. इतक्या वर्षांनी आठवणीची खात्री कोण देणार? पण मला तो दिसतो.

‘‘प्रेक्षक काय म्हणतात तो पुरावा नाही,’’ न्यायाधीश कडकपणे म्हणाले. मग मशीनवाल्याकडं वळले. ‘‘लिहा. साक्षीदाराने डावा खांदा उचलून कानास घासला व वर फुंकर मारून दाखवली. आता बाई, तुम्ही सांगा, ही खूण कुणाची?’’

‘‘गिरणीवाल्या संपतची, साहेब. हा समोर उभा आहे त्याची.’’

मशीनची टकटक संपली. जबानी वाचून दाखवली गेली, मी ती मावशीला हातांनी सांगितली, आणि तिनं डाव्या अंगठ्याचा ठसा दिला. बाहेर आल्यावर मी चिंचेखालची थाप कबूल केली. नाना खरं काय म्हणाले होते तेही सांगितलं. मावशीनं माझ्या पाठीत असा सणसणीत धपाटा घातला की रस्त्यावरचा भडंगवाला वळून बघायला लागला. मग तिनं मला पोटाशी धरलं. आबा तिथंच उभे होते. ते नुसतं म्हणाले, ‘‘काल मीच बोलाया पायजे हुतं, शाले. तू बोललीस.’’

निकाल महिन्याभरानं लागला. त्या दिवशी न्यायाधीशांनी वाचलेल्या पानांतलं बरंचसं मला कळलं नाही, पण एक भाग मी तेव्हाच पाठ केला आणि मावशीला शब्दन्‌शब्द सांगितला. त्यांनी म्हटलं होतं की या साक्षीदाराला खोटंच सांगायचं असतं तर आरोपीचं तोंड दिसलं असं सांगणं सर्वांत सोपं होतं. तिनं ते सांगितलं नाही. आपल्याविरुद्ध जाणारी गोष्ट तिनं न लपवता सांगितली, म्हणून तिच्या बाकीच्या सांगण्यावर हे न्यायालय विश्वास ठेवतं. फितूर पंचांवाचूनही तिची जबानी पुरेशी आहे. सात वर्षं सक्तमजुरी. बोरमाळ फिर्यादीच्या बहिणीस परत द्यावी.

नाना माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. ‘‘शाले,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘माजं ऐकलं न्हाईस त्ये लय बरं केलंस.’’

आम्ही दुपारच्या एस.टी.नं परत आलो. बातमी आमच्या आधी पोचली होती. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी ओसरीवर बायका जमल्या, मग त्यांच्या मागं पुरुष, पोरं कट्ट्यावर. मी आत आईबरोबर चुलीपाशी होते. आई भाकरी थापत होती, मी लसूण सोलत होते. बाहेर मावशी कोर्ट सांगायला बसली होती. दारातून तिची पाठ आणि डावा हात तेवढा दिसत होता. ती चष्म्यावरून बघायला लागली, एक हशा आला. टेबलाखाली हात नेऊन तपकीर ओढली आणि शिंक दाबली, दुसरा मोठा हशा आला. मग तिनं मनगट पिरगाळलेलं दाखवलं असावं, कारण ओसरी एकदम चिडीचूप झाली आणि एक बाई ‘‘मुडदा बशिवला त्याचा’’ म्हणाली. मी उठायला लागले, सवयीनं, समजावून सांगायला. आईनं पिठाच्या हातानं माझा पदर धरून मला खाली बसवलं. ‘‘ऱ्हाऊ दे,’’ ती म्हणाली. ‘‘समजतंय की त्यास्नी.’’ मी पुन्हा लसूण सोलायला घेतला. बाहेर मावशी सांगत होती, आणि सगळं गाव तिच्या हाताकडं बघत होतं.